गादीवरची सुरकुती

मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास आला की माझा उजवा हात आपोआप टेबलावरून फिरतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी अंबरनाथच्या एका कारखान्याचे टॉवेल घेऊन उल्हासनगरात दुकानोदुकानी हिंडायचो. तिथे एका सिंधी शेठचं कापडाचं दुकान होतं. वडील वारल्यावर त्यांची पांढरी गादी त्याने तशीच ठेवली होती. वर त्यांचा चष्मा, समोर उदबत्ती. बायका आत यायच्या, गादी दिसली की हळू आवाजात बोलायला लागायच्या आणि काही न घेताच निघून जायच्या.

"शेठ, माल चांगला आहे, पण गिऱ्हाईकाला सुतकाच्या घरात आल्यासारखं वाटतं. गादीवर बसा तुम्ही," मी बोलून गेलो.

"मेरी हिंमत नहीं होती. तू बैठके दिखा."

चष्मा बाजूला ठेवून मी बसलो. गादी कोमट होती. चादरीवरची सुरकुती मी हाताने सारखी केली. तेवढ्यात एक बाई आली.

"या ताई, घेऊ नका, नुसतं बघा," मी म्हणालो. ती चार साड्या घेऊन गेली.

शेठ पांढराफटक पडला होता. "पप्पा भी ऐसेही हाथ फेरते थे. यही बोलते थे."

त्याच्या वडिलांना मी कधी पाहिलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या दुकानदाराने मला बोलावलं, टॉवेलसाठी नाही, सल्ल्यासाठी. आपला धंदा हाच, हे मला तेव्हा कळलं. आज बदलापुरात माझ्या ऑफिसवर 'व्यवसाय सल्लागार' अशी पाटी आहे. रोज सकाळी मीच कुलूप उघडतो, उदबत्ती लावतो आणि खुर्चीत बसतो.

खुर्ची आधीच कोमट असते.