माळवदावर माती कुणी टाकायची

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्यानं माप भरून दूध घातलं तरी फेस बसेपर्यंत मी त्याला दारात उभा करायची. त्यामुळं एके दिवशी आमचे हे जेवायला आले आणि "आता आपलं घर व्हनार," असं म्हणाले, तेव्हा मला आनंदाच्या आधी शंका आली.

निजामाचं राज्य होतं. आम्ही मुरुमला राहायचो. हे शिंपी. बाजारात मशीन घेऊन बसायचे, आणि शेरवानी शिवण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. आम्ही भाड्यानं राहायचो तिथं घरमालकाची सासू रोज येऊन आमच्या चुलीत किती लाकडं जळतात ते बघून जायची. आपलं दार असावं, आतून कडी लावली की कुणी आत येऊ नये, एवढंच ह्यांचं मागणं होतं. गल्लीतलं एक माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर विकायला निघालं. निम्मे पैसे ह्यांनी साठवलेले होते. उरलेले सावकाराकडून काढायचे तर सूद द्यावा लागणार, आणि सूद आम्हाला हराम. घेणं हराम, तसं देणंही.

मग हाजीसाहेब पुढं आले. चामड्याचे व्यापारी, हज करून आलेले, गावात मान मोठा. त्यांनी तोडगा काढला. उरलेले पैसे ते घालणार, घर त्यांच्या नावावर होणार, आम्ही त्यात राहायचं आणि दर महिन्याला किराया द्यायचा. शिवाय जमेल तसे त्यांचे पैसे परत करायचे. सगळे फिटले की घर आमच्या नावावर.

"ह्याच्यात सूद कुठंय?" हे म्हणाले. "किराया हाय. किराया हलाल हाय."

"किती?"

त्यांनी आकडा सांगितला. गल्लीत तसल्या घराला एवढा किराया कुणी देत नव्हतं.

"किराया खोल्या बघून ठरतो," मी म्हणाले. "ह्यो तर त्यांच्या पैशावर ठरलाय. सुदाला शेरवानी शिवून आणलीय तुमी."

हे चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत, आणि त्याचाच मला राग यायचा. ते मशिदीच्या इमामसाहेबांना विचारायला निघाले. बुरखा घालून मीही मागोमाग गेले, कारण हे तिथं विचारणार काय आणि मला येऊन सांगणार काय, याचा मला भरवसा नव्हता.

इमामसाहेब म्हातारे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "घर हाजींचं हाय ना?" ते म्हणाले. "मग पडझडबी हाजींची. माळवद गळलं, भिंत खचली, तर खर्च त्यांनी करावा. तसं असंल तर किराया हलाल. अन् तो खर्च तुमच्याच गळ्यात असंल, तर घर नुसतं नावाला त्यांचं. मग तुमी देताय तो सूदच."

"कागदात तसंच लिवलंय," हे म्हणाले. "खर्च त्यांचाच हाय."

कागद उर्दूत होता. माझं माहेर बार्शीकडचं, इंग्रजी अमलातलं. मी मराठी शाळेत शिकलेली. कुराण वाचता यायचं, पण कारकुनाची ती घाईघाईची उर्दू मला लागायची नाही. म्हणून मी ठरवलं, कागदाचं राहू दे, आपण माळवद बघू. आमच्याकडं मातीच्या माळवदावर दर वर्षी मिरगाच्या आधी पांढरी माती टाकावी लागते, नाहीतर घर गळतं. ही माती मालकानं टाकायची आणि भाडेकऱ्यानं माळवद झाडायचं, अशी रीतच आहे. हाजीसाहेबांनी माती पाठवली तर ते मालक.

आम्ही राहायला गेलो. मी त्या घरात स्वयंपाक केला, झोपले, पण नमाज पढले नाही. पाचही वेळा शेजारणीकडं जायची. तिच्याकडं हाजीसाहेबांविषयी नाही नाही ते बोलले. हज करून आले म्हणून काय झालं, तिकडं जाताना कातडी सोबत नेली असतील विकायला, असंही बोलले. ह्यांना ते कानावर यायचं. ते मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसायचे.

मिरगाच्या आठ दिवस आधी दारात गाढवं आली. पाठीवर पांढरी माती. "हाजीसाहेबांनी धाडलीय," गाढववाला म्हणाला. मी त्याला दोनदा विचारलं. तो दोन्ही वेळा तेच म्हणाला. त्यानं माळवदावर माती पसरली, धोपटली आणि माझ्याकडं एक पैसा न मागता निघून गेला.

त्या दुपारी मी पहिल्यांदा आपल्या घरात जानमाज अंथरली. हे दारात उभे राहून बघत होते. ईदेला मी हाजीसाहेबांच्या घरी शिरखुर्मा पाठवला, भांडं काठोकाठ भरून. कशाबद्दल ते कळवलं नाही, लाज वाटली. पुढच्या वर्षीही माती आली. त्या दिवसांत हे संध्याकाळी उशिरा यायचे, अंगाला गोणपाटाचा वास असायचा. मला वाटलं, चहाच्या हॉटेलात पोत्यावर बसून गप्पा हाणतात. त्यावरून मी भांडलेसुद्धा.

तिसऱ्या वर्षी हे तापानं पडले. मिरीग चार दिवसांवर आला तरी गाढवं आली नाहीत. मी हाजीसाहेबांच्या घरी गेले. पडद्याआडून सलाम केला आणि म्हटलं, "औंदा माती ऱ्हायली जनू."

"कसली माती?" हाजीसाहेब म्हणाले.

"माळवदाची. दर साली धाडता ती."

"म्या कवाच न्हाय धाडली, बेटी. डागडुजी तुमच्याकडं, असं कागदातच हाय. तुझ्या नवऱ्यानं वाचूनच सही केलीय."

त्यांच्या आवाजात लबाडी शोधायचा मी खूप प्रयत्न केला. ती नव्हती.

घरी आले. हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी विचारलं, "माती कोन टाकत होतं?"

"मी," ते म्हणाले. "अडतीवर संध्याकाळी पोती शिवायचो. त्यातनं. गाढववाल्याला मीच पढवलं व्हतं."

"इमामसाहेबांसमोर खोटं बोललात तुमी."

"व्हय."

"का?"

"तुला ठाऊक नसलं तर गुनाह तुझ्या नावावर जात न्हाय," ते म्हणाले. "माझ्या एकट्याच्या जाईल. तू नमाज पढत व्हतीस घरात. मला तेवढं पुरं व्हतं."

साऱ्या गावावर संशय घेतला, पण माती हा माणूस टाकत असेल अशी शंका एकदाही आली नाही, कारण तो मला साधा वाटला. राग आला, रडू आलं. आणि आता मला ठाऊक होतं. ठाऊक नसल्याचं सोंग मला आणता येत नव्हतं.

ते हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही घर सोडलं. सोडून जाणाऱ्याला आधी भरलेले पैसे मिळणार नाहीत, असंही कागदात होतं. ते सगळे पैसे गेले. पुन्हा दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि पुढं आयुष्यभर भाड्यानंच राहिलो. ह्यांनी मशीन डोक्यावर घेऊन स्वतः नेलं. मी केलं ते बरोबर होतं, असं मी आजही म्हणेन. पण त्या दिवसापासून ते गेले त्या दिवसापर्यंत त्या घराचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. एकदा तरी माझ्यावर ओरडायला हवं होतं त्यांनी.