ओटमार श्वेंकेलचा सोऱ्या

ओटमार श्वेंकेल मूर्ख नव्हता. हे आधीच सांगते, कारण हल्ली सगळं गाव त्याला मूर्ख म्हणून मोकळं होतं.

जर्मनीत उल्मजवळच्या या गावात माझी खानावळ आहे. दर गुरुवारी कोपऱ्यातल्या टेबलावर ओटमार आणि रुकगाबर पत्ते कुटायला बसत. दोघे शाळेत एका वर्गातले, अरे-तुरेतले. रुकगाबरचा भांड्यांचा कारखाना. त्याला लागणारे सुटे भाग ओटमार आपल्या छोट्या वर्कशॉपात ओतून देई. नाव मात्र प्रत्येक भांड्यावर रुकगाबरचं. ओटमारला आयुष्यात एकच हाव होती, आपलं नाव कोरलेली एक तरी वस्तू दुकानात दिसावी.

ती वस्तू त्याने केली. आमच्याकडे मऊ पिठाच्या शेवया सोऱ्यातून थेट उकळत्या पाण्यात पाडतात. दाबताना पीठ दट्ट्याच्या कडेने वर चढतं आणि बाईच्या मनगटावर ओघळतं. ओटमारने दट्ट्याला अशी कडी बसवली की पीठ वर यायचं नाव घेईना. त्या कडीचं पेटंट मिळालं, तेव्हा त्याने अख्ख्या खानावळीला बीयर पाजली.

त्याची मुलगी गुड्रुन म्हणाली, "बाबा, बाजारात आणायच्या आधी वकिलाकडून तपासून घ्या. दुसऱ्या कुणाचा हक्क आड येत असेल तर?"

"अगं, सरकारने शिक्का मारून दिलाय! माझाच सोऱ्या विकायला आता कुणाला विचारू? शेजाऱ्याला?"

"कडी तुमची. बाकीच्या सोऱ्याचं काय?"

"बाकी काय, दाबायचा दांडा आणि तो वळतो तो सांधा. तो सांधा तर रुकगाबरसाठी मीच ओततो, रोज!"

इथेच तो फसला. पेटंटने दुसऱ्याला अडवता येतं. आपली वाट मोकळी आहे असं त्याने ठरत नाही. तो सांधा ओतायचा ओटमार, पण त्याचं पेटंट रुकगाबरचं होतं आणि ते अजून जिवंत होतं. इतकी वर्षं हातात खेळलेली वस्तू परकी असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

गुरुवारी त्याने सोऱ्या टेबलावर ठेवला. रुकगाबरने सांधा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"लेका, झकास! फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात मांड. आणि नाव चांगलं मोठं कोर."

प्रदर्शनात शेवया पाडून दाखवायला ओटमारने मलाच नेलं. बायका घोळका करून उभ्या होत्या, ओटमार नवरदेवासारखा मिरवत होता. तेवढ्यात रुकगाबरचा वकील कोर्टाचा हुकूम आणि बेलिफ घेऊन आला. मांडलेले सगळे सोरे त्यांनी खोक्यांत भरले. माझ्या हातातलाही, पीठ गळत असताना, ओढून घेतला. समोरच्या बाजूला रुकगाबर सॉसेज खात उभा होता.

"तुला माहीत होतं!" ओटमार ओरडला. "माझ्यासमोर उघडून बघितलास तू!"

"मग? तू विचारलंस कुठे? विचारलं असतंस तर सांगितलं असतं की."

मी उरलेलं पीठ त्याच्या तोंडावर फेकलं. नेम चुकला, वकिलाच्या कोटावर बसलं.

कोर्टाने सगळे सोरे मोडायला लावले. मग रुकगाबर उदार झाला. नुकसानभरपाई सोडतो म्हणाला, फक्त कडीचं पेटंट माझ्या नावावर कर. केसाने गळा कापतात तो असा. ओटमारने सही केली, नाहीतर वर्कशॉप गेलं असतं.

आता तो सोऱ्या घरोघरी आहे. कडी ओटमारच ओततो. परवा त्याच्या वाढदिवसाला रुकगाबरने माझ्याच खानावळीत, सगळ्यांसमोर, त्याला एक खोकं दिलं. आत तोच सोऱ्या, दांड्यावर ठसठशीत 'रुकगाबर'. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, निर्लज्ज मेले.

"कडी जरा घट्ट बसवत जा रे," रुकगाबर म्हणाला. "तक्रारी येतात."

ओटमारने त्या नावावरून अंगठा फिरवला.

"बसवतो, साहेब," तो म्हणाला.

आणि रुकगाबरने त्याला अडवलं नाही.