निर्व्यसनी जावई

मी माहेरी येऊन राहिले तेव्हा सुरुवातीला आईने मला काही विचारलं नाही. मी शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या आणि उन्हाळ्यात मुली माहेरी येतातच. लकडगंजातल्या आमच्या घरात कूलर लागला होता, माठ भरलेला होता, मी दिवसभर कूलरसमोर चटईवर पडून असायचे. मग एक दिवस शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, "काहून वं, जावई नाही आले न्यायले अजून?" त्यानंतर आईने दुपारचं दार लावून घेतलं आणि मला समोर बसवलं.

मी सांगितलं, मला परत जायचं नाही.

"पितो का?" आईने विचारलं.

"नाही."

"हात उचलला?"

"नाही."

"मग कोणी बाई..."

"नाही गं. गेम खेळतो. कॉम्प्युटरवर."

आईने हुश्श केलं. छातीवरचा हात काढून पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "मले वाटलं काय झालं न काय नाही." एरवी अशा वेळी मी तिच्या अंगावर ओरडले असते. मला राग पटकन येतो, घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी आला नाही. बरेच महिने झाले होते, मला कशाचंच काही वाटत नव्हतं. डाळ अळणी झाली तरी कळायचं नाही, तशी खाऊन उठायचे.

आईचं हुश्श समजायचं असेल तर आमच्या लग्नाची गोष्ट सांगायला हवी. नागपुरात मुलगा बघताना पगाराआधी एक गोष्ट बघतात, ती म्हणजे तो खर्रा खातो का. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून केलेला हा पदार्थ इथल्या निम्म्या पुरुषांच्या गालात असतो. त्यामुळे "पोरगा खर्रा खात नाही" हे वाक्य आमच्याकडे पदवीच्या वर धरतात. आणि मुलगा खातो की नाही हे त्याच्या घरी विचारून कोण खरं सांगणार? त्यासाठी मुलीचा मामा मुलाच्या मोहल्ल्यात जातो, चौकातल्या पानठेल्यावर उभा राहतो, एक साधं पान लावायला सांगतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो. ही आमची चौकशी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यावर सगळ्यांचा गाढ विश्वास.

माझा मामा मुलाच्या मोहल्ल्यात, हुडकेश्वरला गेला आणि उजळलेल्या चेहऱ्याने परत आला. मी आत पोहे परतत होते, तिथपर्यंत त्याचा आवाज येत होता. "अहो, पानठेलेवाला त्याले ओळखतच नाही! फोटो दाखवला तं म्हणते, या घरात असा पोट्टा आहे हेच मले माहीत नाही. ऑफिस ते घर, घर ते ऑफिस. चौकात उभा राहणं नाही, दोस्त नाही, टाइमपास नाही. असा पोरगा आजकाल भेटते का?"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. मुलगा चौकात दिसत नाही तर मग संध्याकाळभर असतो तरी कुठे, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. घरात असणं म्हणजे चांगलंच असणं, असं आम्ही धरून चाललो होतो.

तो घरातच होता. सदरमधल्या ऑफिसातून साडेसहाला यायचा, हातपाय धुवायचा, चहा घ्यायचा आणि आतल्या खोलीत जायचा. कानाला मोठे हेडफोन, समोर स्क्रीन, आणि पलीकडे कुठकुठल्या शहरांतली चार माणसं, ज्यांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याशी तो हिंदीत भरभरून बोलायचा. हसायचा, चिडायचा, शाबासकी द्यायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी दाराशी उभी राहून ते ऐकायचे, कारण तो इतका बोलका आहे हे मला तिथेच कळलं होतं.

मी भांडले नाही असं नाही. खूप भांडले. तो उलट आवाज चढवायचा नाही, हेही त्याचं एक. म्हणायचा, "कोणी क्रिकेट पाहते, कोणी मोबाइलवर रील पाहते. माझा हा छंद आहे. कोणाचं नुकसान होऊन राहिलं सांग?" आणि मला सांगता यायचं नाही. पगार घरात येत होता. गॅसचा नंबर तो लावायचा. खाली राहणाऱ्या सासूबाई म्हणायच्या, नजरेसमोर आहे, आणखी काय पाहिजे? माझे बाबा रविवारी जेवण झालं की दिवेलागणीपर्यंत रमी खेळतात, आई तीन तीन मालिका बघते. त्यांना कोणी व्यसनी म्हणत नाही, मग यालाच का म्हणायचं? मी स्वतःशी बराच काळ असाच वाद घातला. शेवटी मला सापडलेलं उत्तर अगदी स्वयंपाकघरातलं होतं. मालिका कितीही रंगात आलेली असो, कुकरची शिट्टी झाली की आई उठते. बाबांना फोन आला की ते पत्ते पालथे ठेवतात. याला उठता येत नव्हतं. मॅच मध्येच थांबवता येत नाही, म्हणायचा, टीमचे लोक मरतात.

मला डेंग्यू झाला होता त्या पावसाळ्यात मी खोलीत पडल्या पडल्या पाणी मागितलं. "दोन मिनिटं," तो म्हणाला. मी पुन्हा मागितलं, पुन्हा दोन मिनिटं. मग मी भिंतीला धरून स्वतः उठले आणि स्वयंपाकघरात घेरी येऊन बसले. तो धावत आला, खरंच धावत आला, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. दवाखान्यात नेलं, रजा काढली, पपई आणली, मला भरवली. आणि मला सलाइन लागलं तेव्हा शेजारच्या स्टुलावर बसून मोबाइलवर खेळत राहिला. आता याची तक्रार कोणाकडे करायची? ज्या बाईचा नवरा दारू पिऊन येतो तिला निदान एक शब्द असतो, तो ऐकला की बाकीच्या बायका सरकून तिला जागा देतात. मी बोलले की त्या म्हणायच्या, "नशीबवान आहेस."

मग मी भांडणं सोडली. त्याबरोबर आणखीही काहीतरी सुटलं, तेव्हा लक्षात आलं नाही. घर शांत झालं, सासूबाईंना बरं वाटलं. मी ताट वाढून टेबलावर झाकून ठेवायचे आणि आपलं जेवून वह्या तपासत बसायचे.

घर सोडलं त्या दिवशीही काही घडलं नव्हतं. रविवारची दुपार होती, सासू-सासरे लग्नाला गेले होते, कूलरचा घरघराट चालू होता. मी बॅग भरली, त्याच्या खोलीच्या दारात गेले आणि मोठ्याने म्हटलं, "मी आईकडे चालली. आता परत नाही येणार." त्याने स्क्रीनवरून नजर न काढता मान हलवली. "हाव, सांभाळून जा," म्हणाला. मी ऑटो करून लकडगंजला आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"तू कुठी आहेस?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "सांगितलं नाहीस." मी फोन ठेवला. तेव्हा रडू यायला हवं होतं, मी वाटही पाहिली, पण आलं नाही.

आईने बाबांना सांगितलं, बाबांनी मामाला, आणि मामाने बैठक बसवली. दोन्ही घरची मोठी माणसं बसून नवरा-बायकोचं मिटवतात, ती बैठक. माझा संसार राहायचा की मोडायचा हे त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये ठरायचं होतं. नवरा आला, सोबत सासरे. आता हा झाला आरोपी, पण जावई पडला ना! त्याला कूलरच्या थेट समोरची खुर्ची दिली. आईने आधी पन्हं दिलं. मामाने "जावईबापू" शिवाय तोंडातून शब्द काढला नाही. मला स्वयंपाकघराच्या दाराशी वेताच्या मोड्यावर बसवलं होतं.

मामाने खाकरून सुरुवात केली. "जावईबापू, राग मानू नका, विचारावं लागते. दारू?"

"नाही."

"खर्रा, बिडी, काही?"

"नाही मामाजी."

"आमच्या पोरीवर कधी हात?"

"नाही."

मामाने बाबांकडे असं पाहिलं की झालं, संपलं. त्याची चौकशी खरी निघाली होती आणि इतक्या वर्षांनी तिच्यावर पुन्हा शिक्का बसला होता. तो माझ्याकडे वळला. "पाहा माय, माणूस निर्व्यसनी आहे. थोडा शौक आहे गेमचा. एक लेकरू झालं की आपोआप सुटते, त्याले खेळवता खेळवता हे खेळणं कुठी राहते? काय म्हणता?" सासऱ्यांनी मान डोलावली. बाबांनीही. आई आत जाऊन कढईखालचा गॅस मोठा करून आली.

तेव्हा तो म्हणाला, "मामाजी, मले व्यसन आहे."

"काय बोलून राहिला बे?" सासरे म्हणाले.

"खरं सांगून राहिलो. दिवाळीत मी सगळं डिलीट करून टाकलं होतं. हिले सांगितलं नाही, म्हटलं आधी जमू दे. नाही जमलं. ऑफिसात बसलो राहतो, पण डोकं तिकडेच. ही समोर बोलते, मले दिसते की बोलून राहिली, पण ऐकू नाही येत. मले हे सोडता नाही येत."

तो खाली मान घालून बोलत होता. एवढं सलग तो माझ्यासमोर कधीच बोलला नव्हता. आणि त्या हॉलमधली सगळी माणसं त्याच्यावर तुटून पडली. सासरे म्हणाले, चूप बस, आपल्या खानदानात कोणाला व्यसन नाही. मामा तर दुखावलाच, कारण हमी त्याची होती. "असं बोलू नये जावईबापू, व्यसन म्हणजे काय असते आम्ही पाहिलं आहे, घरादाराचं वाटोळं होते त्याच्यात. तुमचं तसं कुठी आहे? तुम्ही तं देवमाणूस." बाबा समजावणीच्या सुरात म्हणाले की ऊन फार आहे, गाडी चालवून थकला असाल. तो दोनदा म्हणाला, "पण आहे ना मले." कोणी ऐकून घेतलं नाही. चारचौघांनी मिळून त्याला निर्दोष सोडलं.

इतकी वर्षं जे कोणीतरी म्हणावं असं मला वाटत होतं ते एका माणसाने म्हटलं होतं, आणि तो माणूस म्हणजे तोच होता. माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. मी उठून त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायला हवं होतं. मी मोड्यावर बसून स्वतःत कुठे काही हलतंय का ते बघत होते. त्याच्याबद्दल राग नव्हता, कीव नव्हती, आनंदही नव्हता. मला त्याचं फार वाईट वाटायला हवं आहे एवढंच कळत होतं.

आईने कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या होत्या, वर झणझणीत तर्री. सगळे मन लावून जेवले. तो नको नको म्हणत असताना आईने त्याच्या ताटात आणखी दोन वाढल्या. मामा खुशीत होता, त्याने सासऱ्यांना नव्या उड्डाणपुलाचा रस्ता समजावून सांगितला. माझी बॅग आईने जेवणाआधीच भरून दाराशी आणून ठेवली होती. कोणी मला विचारलं नाही, कारण आता विचारण्यासारखं काही उरलं नाही, असंच सगळ्यांना वाटत होतं.

सासरे पुढे गाडीकडे गेले. तो माझी बॅग उचलून फाटकाशी थांबला. ऊन उतरलं होतं तरी रस्ता तापलेला होता. तो आता माझ्याकडे बघत होता, नीट, कानात काही नाही, हातात मोबाइल नाही.

"मी खरं बोललो आतमध्ये," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"डॉक्टरकडे जातो मी. तू म्हणशील तिथी जातो. पण तू घरी चल. तू घरी राहिली तं सुटेल माझं."

तो मनापासून बोलत होता.

"मी घरीच होती," मी म्हटलं, आणि त्याच्या हातातून बॅग काढून घेऊन आत वळले.