कुरोड्या वाळवणारी गाडी

नालवाडी येथील बाबाराव थूल यांनी नोकरीची सारी वर्षे एस.टी.ची बस चालवण्यात घालवली. वर्धा, आर्वी, कारंजा हा त्यांचा ठरलेला मार्ग होता. कोणत्या वळणावर म्हशी आडव्या येतात आणि कोणत्या थांब्यावर म्हाताऱ्या माणसांना चढायला वेळ लागतो, हे ते डोळे मिटून सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांना बसची फारशी आठवण आली नाही. त्या रस्त्याची मात्र फार येई. ही गोष्ट त्यांनी कोणाजवळ काढली नाही, कारण रस्त्याची आठवण येते म्हणणाऱ्या माणसाला लोक हसतील असे त्यांना वाटे.

त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली एक लाल गाडी उभी असते. ती त्यांची नव्हे. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई यांचा धाकटा भाऊ रुपेश मालवाहू जहाजावर आचारी आहे. त्याने नागपूरच्या एका गृहस्थाकडून ही जुनी स्पोर्ट्स कार हौसेने घेतली. तिला दारे दोन आणि बसायच्या जागाही दोनच. ती जमिनीला इतकी लागून आहे की आत बसणे म्हणजे पाटावर जेवायला बसणे. जहाजावर जाताना रुपेशने किल्ली बाबारावांच्या हाती दिली.

"भाऊजी, आठवड्यातून एकदा चालू करत जा. बॅटरी उतरू देऊ नका. बस, इतकंच."

"म्हणजे चालवायची नाई?"

"चालवाले तुमचा एस.टी.चा लाल डब्बा होता ना! ही पण लालच हाय म्हणून मन नका भुलवू."

बाबाराव हसले आणि त्यांनी शब्द दिला. तो त्यांनी बरेच दिवस पाळलाही. होळीच्या सुमारास इंजिनासमोरच्या जाळीमागील पंखा अडकू लागला, तेव्हा त्यांनी त्याची मोटर काढून मोतीलालकडे नेली. मोतीलाल वर्ध्यात कुलरच्या मोटरी दुरुस्त करतो. त्याने आतील झिजलेली बुश बदलून दिली. बाबारावांनी मोटर घरी आणून स्वतःच्या हाताने बसवली. तारांचे जुने प्लास्टिकचे टोक हातात येताच चुरा झाले, म्हणून त्यांनी तार तारेला पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळली. घरोघरी कुलर असाच जोडतात. पंखा भिरभिर फिरू लागला आणि त्यांना समाधान वाटले.

त्या समाधानाच्या भरातच त्यांचा शब्द मोडला. एके सकाळी त्यांनी गाडी फाटकाबाहेर काढली आणि ती थेट आर्वीच्या रस्त्याला लावली. खरांगणा मागे पडले, आर्वी मागे पडली. ओळखीची वळणे या वेळी फार जवळून आणि खालून दिसली. कारंज्याच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेमागे गाडी हळू चालवावी लागली, आणि तापमानाचा काटा चढू लागला. बाबारावांनी विचार केला, समोर ढाबा आहे, तेवढे जाऊ. ढाब्यावर पोहोचेपर्यंत काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटखालून वाफ उसळली.

ढाबेवाला पाण्याची बादली घेऊन धावला. "ओता काका, ओता!"

"हात नको लावू!" बाबाराव ओरडले. "तापल्या रेडिएटरचं झाकण उघडशीन तं तोंड भाजन." हा नियम त्यांना बसने शिकवला होता. इंजिन थंड होईपर्यंत ते बाजेवर बसून राहिले. नंतर पाणी भरून, वाटेत ठिकठिकाणी थांबत, त्यांनी गाडी कशीबशी नालवाडीला आणली.

तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागेना. गाडी दुसऱ्याची होती, शब्द आपला होता, आणि काटा वर गेलेला पाहूनही ढाब्यापर्यंत चालवत नेणारे आपणच होतो. रुपेश रविवारी रजेवर येणार होता.

नालवाडीच्याच आदेश मिस्त्रीने गाडी तपासली. इंजिनाचे ऑइल दुधाळ झाले नव्हते. धूर पांढरा नव्हता. पाण्यात बुडबुडे नव्हते, म्हणजे इंजिन आतून बिघडल्याची खूण नव्हती. त्याने पाणी सोडणारा थर्मोस्टॅट बदलला आणि रेडिएटर आतून धुतला. तरी गाडी जागेवर चालू ठेवली की काटा हळूहळू चढतच होता.

"पंखा?" बाबारावांनी विचारले.

"पंखा तं फिरून राह्यला ना काका, तुमच्यासमोरच." आदेशने हात पुसले. "आता एकच राह्यलं. खुणा दिसत नाई, पण हेड गॅस्केट, इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलं असन. शनिवारी इंजिन उघडतो. पण सांगून ठेवतो, याचे पार्ट नागपुरातबी भेटत नाई. उघडलं आन् जुळलं नाई, तं मंग गाडी अंगणातच राहीन. कोंबड्या ठेवजा तिच्यात."

शनिवारपर्यंत रोज गाडी चालू करून काटा कोठवर जातो ते पाहण्यास त्याने सांगितले. बाबाराव त्याप्रमाणे स्टूल घेऊन गाडीच्या दाराशी बसत आणि आजाऱ्याची नाडी पाहावी तसा काटा पाहत.

त्याच दिवसांत सुलोचनाबाईंच्या कुरोड्या, म्हणजे वाळवणाच्या कुरडया, चालू होत्या. त्या बाजेवर जुने लुगडे अंथरून त्यावर कुरोड्या घालत. रुपेशला जहाजावर नेण्यासाठी त्या हव्या होत्या. शुक्रवारी दुपारी गाडी चालू करून स्टुलावर बसल्यावर बाबारावांनी पाहिले की बाज नेहमीच्या उन्हातल्या जागी नाही. सुलोचनाबाईंनी ती ओढून गाडीच्या तोंडापुढे आणली होती.

"अवं, इकडं काऊन आणली बाज?"

"काऊन म्हणजे? तुमची गाडी गरम झाली की समोरून कशी झकास हवा सोडते! कालच्या कुरोड्या एका दुपारात वाळल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कामाची वाटली मले हे गाडी."

"हवा समोरून सोडते?"

"मंग काय मी खोटं बोलून राह्यली? हात धरून पाहा."

तेवढ्यात काटा वर सरकला आणि पंखा सुरू झाला. लुगड्याचा काठ बाजेवरून उचलला गेला आणि अंगणाच्या बाजूला फडफडू लागला. बाबाराव स्टुलावरून उठले. त्यांनी जाळीपुढे तळहात धरला. गरम झोत थेट तळहातावर आला.

आता त्यांना उमगले. गाडी पुढे जाते तेव्हा वारा समोरून आत शिरतो. पंख्यानेही तो आतच ओढला पाहिजे. हा पंखा मात्र आतली तापलेली हवा वाऱ्याच्या तोंडावर परत फेकत होता. बसमध्ये पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे, त्यामुळे तो उलटा फिरण्याचा प्रश्नच आला नव्हता. आणि कुलरच्या दोन तारांची अदलाबदल झाली तरी पंखा फिरायचा तसाच फिरतो. घरातली वीजच तशी असते. बॅटरीची वीज मात्र एकाच दिशेने वाहते. तारा बदलल्या की मोटर उलटी फिरते. बाबारावांनी गाडीचा पंखा कुलर समजून जोडला होता.

"सुलोचने," ते म्हणाले, "इंजिन नाई गेलं वं."

"अन् मंग काय गेलं?"

"माही अक्कल."

"थे तं मले कधीचंच माहीत हाय," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि कुरोड्या उलटू लागल्या.

बाबारावांनी गाडी बंद केली आणि इंजिन थंड होऊ दिले. मग बॅटरीची तार सोडवली, चिकटपट्टी काढली आणि दोन्ही तारा एकमेकींच्या जागी जोडल्या. गाडी पुन्हा चालू झाली. काटा वर आला, पंखा सुरू झाला, आणि या वेळी लुगड्याचा काठ गाडीकडे ओढला जाऊन जाळीला चिकटला. त्याबरोबर काही कुरोड्याही उडाल्या.

"अवो! माह्या कुरोड्या खाऊन राह्यली ना हे!" सुलोचनाबाई लुगडे धरायला धावल्या.

बाबाराव मात्र काट्याकडे पाहत होते. काटा मधोमध आला, तेथे थांबला आणि पुढे हलला नाही. गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी इतका मोकळा श्वास घेतला नव्हता. आदेशने संध्याकाळी येऊन कागद जाळीपुढे धरला. कागद चिकटला. "पंखा फिरून राह्यला एवढंच पाह्यलं मी," तो डोके खाजवत म्हणाला. "कुणीकडं फिरते, थे नाई पाह्यलं." नंतर दोघे हिंगणीपर्यंत गाडी चालवून आले. चढावावर आणि बैलगाड्यांमागे हळू चालतानाही काटा जागचा हलला नाही. शनिवारी इंजिन उघडावे लागले नाही.

रविवारी बाबाराव तीच गाडी घेऊन रुपेशला घ्यायला सेवाग्राम स्टेशनवर गेले. जय भीम झाले, सामान ठेवून झाले. रुपेशने गाडीला एक फेरी मारली आणि तो जाळीशी वाकला. त्याने दोन बोटांनी एक पांढरा, कडक तुकडा बाहेर ओढला आणि उन्हात धरून पाहिला.

"भाऊजी, कुरोडी? रेडिएटरमध्ये?"

आचाऱ्यापासून कुरोडी लपत नाही. बाबारावांनी उभ्या उभ्याच सारे सांगितले: पंखा, तारा, कारंज्याची वाट, वाफ, आदेशचा शनिवार. काहीही झाकले नाही.

"कारंज्याचं तं ताईनं त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं," रुपेश म्हणाला. "पाह्यत होतो, तुम्ही स्वतः कधी सांगता म्हणून." त्याने तो तुकडा तोंडात टाकला. "मीठ कमी हाय." मग तो वळसा घालून डाव्या बाजूच्या दारातून आत बसला. "चला. तुम्हीच चालवा. मले घरापर्यंत फक्त बसून जायचं हाय."

बाबाराव पाटावर बसल्यासारखे आत बसले. त्यांनी किल्ली फिरवली आणि सवयीने आधी काट्याकडे पाहिले. स्टेशनवर उभ्या गाडीचा काटा खाली उतरला होता. नालवाडीच्या वळणापर्यंत तो मधोमध येऊन स्थिरावला. त्यानंतर घरापर्यंत त्यांनी त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही, रस्त्याकडेच पाहिले.