लॅमिनेशनच्या आतली शाई

अमानवीय वगैरे गोष्टींशी माझा संबंध एवढाच, की असले अनुभव मी जेवताना बायकोला वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं हसतो. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहितो.

आम्ही टेक्सासमध्ये अर्विंगला राहतो. मी मालवाहतुकीच्या एका सॉफ्टवेअरमध्ये देशोदेशींच्या पत्त्यांचा डेटा सांभाळतो. शेजारी लान काकू — मूळच्या व्हिएतनामच्या, पंचाहत्तरीच्या, एकट्या. ‘काकू’ आमच्या मुलीने चिकटवलेलं, त्यांनाही ते आवडलं.

एका शनिवारी सकाळी त्या फोन घेऊन आल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या शेजारणीचा मेसेज होता: ताई फार दिवस काढणार नाहीत, लवकर या. खाली पत्ता. काकूंनी देश सोडला त्यानंतर बहिणींची भेट नव्हती, पत्रंही कधीच थांबलेली. उलट फोन केला तर कोणी उचलेना.

पत्त्यात शेवटी प्रांताचं नाव होतं, जिया लाय.

“ताई डोंगरात कधी गेली?” काकू पुटपुटल्या.

“लग्नानंतर गेल्या असतील,” मी ठामपणे म्हणालो. माहिती नसताना ठाम बोलणं हा आमचा खानदानी आजार आहे.

डोंगराळ जिया लायचं मोठं शहर प्लेकू. मी सायगॉनमार्गे प्लेकूचं तिकीट काढून दिलं. आणि आपले आई-बाबा पहिल्यांदा एकटे इकडे येतात तेव्हा आपण करतो ना, तसा कागद केला — कुठे विमान बदलायचं, व्हीलचेअर, ‘कृपया यांना मदत करा’ — सगळं हाताने, ठळक अक्षरात. वर लॅमिनेट केला. हो, आमच्या घरी लॅमिनेटर आहे. बायको स्मिता म्हणते, एक दिवस तू मलाही त्यात घालशील. मग लॅमिनेट केलेल्या कागदाचा फोटो काढून काकूंना पाठवला.

रविवारी त्या निघाल्या. सोमवारी ऑफिसात मी व्हिएतनामची नवी फाइल उघडली... जी बरेच दिवस माझ्याकडेच पडून होती. सरकारने प्रांत एकमेकांत विलीन केले होते. किनाऱ्यावरचा क्वी न्योनचा सगळा भाग आता जिया लाय या नावाखाली आला होता. ताईंचं गाव यादीत शोधलं — क्वी न्योनजवळ, समुद्रकाठी. मी काकूंना घाटापलीकडे भलत्याच शहरात धाडलं होतं. आणि हातात वेळ नव्हता.

फोन केले, मेसेज टाकले. एकच टिक. स्मिताला सांगितलं तर तीही काकूंना फोन लावत बसली. टोमणासुद्धा नाही. त्यावरून काय ते समजा.

बुधवारी काकूंचा मेसेज आला: “तू लिहिलंस तशी क्वी न्योनला उतरले. सायगॉनला काउंटरवरच्या बाईने तुझा कागद वाचून तिकीट बदलून दिलं. ताईने मला ओळखलं.”

त्या संध्याकाळी दोघी हात धरून बसल्या होत्या. सकाळी ताई गेल्या.

महिन्याने काकू परतल्या तेव्हा मी आधी तो कागद मागितला. ‘प्लेकू’वर एक आडवी रेघ, वर क्वी न्योन — त्यांच्या लिपीत, ‘न्योन’मधल्या ‘ओ’च्या कानाशी असतो त्या हुकासारख्या आकड्यासकट. अक्षर माझं. शाई प्लास्टिकच्या आत. कडा कुठे उचकटलेल्या नाहीत. आणि मी पाठवलेल्या फोटोत... नुसतंच प्लेकू.

मला तो आकडा काढता येत नाही. त्या दिवशी तसं नाव लिहायचंय हेच माहीत नव्हतं.

स्मिताने कागद उजेडात धरून पाहिला. “अक्षर तुझंच आहे,” ती म्हणाली. “पण चूक कबूल करून दुरुस्त केली आहे, म्हणजे तू नसणार.”

बरीच डोकेफोड केली. कोणाला काही सुचत असेल तर सांगा, मी हात टेकले आहेत.

काकूंना मात्र सगळं खरं सांगितलं — चूक माझी होती, दुरुस्ती माझी नाही. त्यांनी शांतपणे चहा संपवला.

“ताईने विचारलं, वाट कोणी दाखवली,” त्या म्हणाल्या. “मी तुझं नाव सांगितलं. आता ते बदलायला मी तिच्याकडे कुठे जाऊ?”