बाणाविना टणत्कार

धनुष्य हातात आलं की आधी टणत्कार करायचा, एवढीच माझी धनुर्विद्या, तीही टीव्हीवरच्या देवांकडून शिकलेली. शेजाऱ्यांच्या ओट्यावर त्यांचं नवं फायबरचं धनुष्य दोरी चढवून ठेवलेलं दिसलं, तेव्हा पस्तिशीच्या या घोडीनं पदर खोचला, बाण न लावताच दोरी ओढली आणि सोडली. टणत्कार राहिला बाजूला, काडकन धनुष्याची वरची पातीच चिरली.

हे शेजारी शिरूरच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. बोलण्याआधी श्वास घ्यायचे, क्षणभर धरायचे, मग एकच वाक्य सोडायचे. त्यांनी 'मेथी' म्हणेपर्यंत भाजीवाली पुढच्या दारी पोचलेली असे. कित्येक वर्षं ते स्वतः तासलेल्या बांबूच्या धनुष्यावर सराव करत. फायबरचं धनुष्य बाण लांब फेकतं, म्हणून रविवारच्या दौंडच्या स्पर्धेसाठी हे नवं आणलेलं.

चिरलेली पाती पाहून त्यांनी श्वास घेतला, धरला आणि काही न बोलताच सोडला.

"भाऊजी, रागावला नाही ना?" मी रोज विचारायची. ते नुसती मान हलवत. दौंडला बांबूचंच धनुष्य घेऊन गेले. बाण निशाणाच्या अलीकडेच पडले.

सोमवारी मी लाडूंचा डबा घेऊन गेले आणि पुन्हा तेच विचारलं. त्यांनी श्वास घेतला, धरला आणि म्हणाले, "वहिनी, बाण न लावता दोरी सोडली, की सगळा जोर धनुष्याच्याच अंगात जातो आन् ते चिरतं. तवा आता गप बसा, आन् मला रागवू द्या."