फळ पाहिल्याशिवाय नाही

प्रणिता उमाठे भिलाईच्या एका खासगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. ‘बहुतेक’ हा शब्द तिच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. या सवयीचं मूळ एका जुन्या फजितीत होतं. पीएच.डी. झाल्याझाल्या तिने बस्तरमधल्या एका वेलीला नवी जात म्हणून नाव दिलं होतं. वर्ष उलटायच्या आत कुणीतरी दाखवून दिलं, की ती वेल कुणा इंग्रजाने शंभर वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवली आहे. पुढे एका परिषदेत चहाच्या टेबलापाशी दोघं जण हसत बोलत होते, “भिलाईवाल्या बाईंनी आता काय शोधलं?” प्रणिताची पाठ त्यांच्याकडे होती. तिने कप तसाच ठेवला आणि बाहेर गेली. त्यानंतर बरीच वर्षं तिने काही छापलंच नाही.

चाळिशी ओलांडल्यावर एका हिवाळ्याच्या सुट्टीत ती रीतसर परवाना काढून अंदमानच्या जंगलात गेली. बरोबर कौस्तुभ होता. दुर्गचा हा मुलगा एकेकाळी तिच्या वर्गात होता आणि आता कोलकात्याच्या एका संशोधन संस्थेत तात्पुरत्या जागेवर काम करत होता. वाट दाखवायला आनंद नावाचा तिथलाच माणूस घेतला होता. त्याचे आजोबा जंगलमजूर म्हणून रायगढकडून बेटावर गेले, ते तिथलेच झाले. भिलाईचं नाव ऐकल्यावर आनंदने आठवत होते तेवढे छत्तीसगढी शब्द बोलून दाखवले आणि मग हिंदीवर आला.

एका ओढ्याच्या उतारावर, उंच झाडांच्या दाट सावलीत, ते झुडूप दिसलं. माणसाच्या खांद्याला लागेल एवढं. पानं समोरासमोर, वरून काळपट हिरवी, खालच्या शिरा गंजासारख्या तांबूस. फुलं पांढरी, आणि ती फांदीच्या टोकाला नव्हे, थेट खोडाला बिलगून आलेली. उतारावर अशी दहा-बारा झुडपं होती. प्रणिता भिंग लावून गुडघ्यावर बसली. हे कॉफीच्या कुळातलं आहे, एवढं तिला ओळखता आलं. त्यापुढे तिची माहिती संपली.

“मॅडम, असं कुठेच नोंदलेलं नाही. पक्का नया है,” कौस्तुभ म्हणाला.

“असं बोलू नको अजून,” ती म्हणाली. आणि तिने जपून एक फांदी कापली.

परतल्यावर ती स्मृति नगरच्या घरी रोज संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसू लागली. पानाची लांबी, देठावरची लव, पाकळीच्या आतले केस, सगळं मोजून तिने वर्णन लिहायला घेतलं. नव्या जातीचं वर्णन म्हणजे तिच्या मते शपथेवरचा जबाब होता. एकही शब्द मागे घ्यायची पाळी येता कामा नये. वर्णनात एकच जागा कोरी राहिली. फळ. ते पावसाळ्याच्या तोंडाला धरत असणार, पण त्याआधीच कोलकात्याहून कौस्तुभचे फोन यायला लागले होते.

“मॅडम, फूल आहे, पान आहे, डीएनए आहे. छापून टाकू या. माझा पर्मनंटचा इंटरव्ह्यू आहे. नवी जात नावावर असली तर मले फरक पडते.”

“फळ नाही.”

“बिना फळाचं पण छापतात लोकं.”

“छापू दे त्यांना. फळात एक बी आहे की अनेक, त्यावर वंश ठरतो. ते पाहिल्याशिवाय मी नाही छापणार.”

वनखात्याला परवान्याचा अहवाल द्यायचा होता. त्यातही तिने ‘कॉफी कुळातलं अनोळखी झुडूप’ एवढंच लिहिलं. दावा करायचा नाही, म्हणजे कुणी हसायचं नाही.

त्या उन्हाळ्यात तिचे वडील श्यामराव न्हाणीघरात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या ऑफिसात आयुष्यभर कारकुनी केलेला, वर्ध्याकडचा हा माणूस स्वभावाने हट्टी होता, पण खाटेवर पडला तो पडलाच. त्या वर्षी जाणं शक्यच नव्हतं.

पुढच्या वर्षी शक्य होतं. श्यामराव काठी टेकून अंगणापर्यंत जाऊ लागले होते, आणि खुर्सीपार वस्तीतून कामाला येणारी ललिता दिवसरात्र त्यांच्याजवळ राहायला तयार होती. जूनच्या सुरुवातीला आनंदचा फोन आला. ओढ्यावरच्या झुडपांना हिरव्या गोळ्या लागल्या होत्या, पिकायलाही लागल्या होत्या.

“तू जाय नं,” श्यामराव म्हणाले. “ललिता आहे. मी का मरून राहिलो?”

“तुमचा पाय असा, अन् मी कशी जाऊ?”

तिने आनंदला पुढच्या वर्षी येते म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, मी तोडून पाठवू का? ती म्हणाली, नको, परवाना माझ्या नावावर आहे. नियमाला धरूनच बोलली ती. पण फोन ठेवल्यावर तिला एकदम हलकं वाटलं, आणि हे हलकेपण कशाचं हे तिला कळलं तेव्हा ती पलंगावर बसली. फळ कापलं आणि आतून पुन्हा कुणा इंग्रजाचीच जुनी जात निघाली, तर? जोवर फळ झाडावर होतं, तोवर झुडूप नवं होतं.

तिसऱ्या वर्षी ती गेली. आनंद मधल्या काळात दुसऱ्या बेटावर बोटीच्या कामाला होता. दोघं एकत्रच त्या उताराशी पोचली. उतार नव्हता. नवा रस्ता तिथून वळवला होता, ओढा सिमेंटच्या नळ्यांतून खालून काढला होता आणि दोन्ही बाजूंना उघडी माती होती. उंच झाडं गेल्यामुळे ऊन सरळ जमिनीवर पडत होतं. परवान्याचे सगळे दिवस ती दोघं वरच्या-खालच्या ओढ्यांतून जळवा काढत हिंडली. तसं पान पुन्हा दिसलं नाही.

तिथल्या अधिकाऱ्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

“काम सुरू होण्याआधी पाहणी झाली होती, मॅडम,” तो हिंदीत म्हणाला. “तुमचाही अहवाल आम्ही वाचला होता. त्यात अनोळखी झुडूप लिहिलं आहे. अनोळखी झुडपासाठी रस्ता थांबवता येत नाही. नवी जात आहे असं लिहिलं असतं, तर विचारलं तरी असतं तुम्हाला.”

तिने तिथूनच कौस्तुभला फोन लावला. त्याचा इंटरव्ह्यू केव्हाच होऊन गेला होता; जागा दुसऱ्याला मिळाली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“तुम्हाला गलती नको होती, मॅडम,” तो म्हणाला. “नाही झाली.”

शोधनिबंध शेवटी दोघांच्या नावाने छापून आला. परीक्षकांनी एकही शंका काढली नाही. फळाच्या जागी ‘पाहिलेले नाही’ एवढंच होतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलं नाही. डीएनएवरून वंश ठरला, जात नवीच निघाली. वर्णन वर्तमानकाळात लिहायचा रिवाज आहे. झुडूप खांद्याइतकं उंच वाढतं, फुलं पांढरी असतात, सावलीत ओढ्याकाठी आढळतं. ही वाक्यं तपासून परत पाठवताना तिला दोन वेळा उठावं लागलं. नावासाठी तिने लॅटिनमधला ‘उशिराचं’ अशा अर्थाचा शब्द निवडला. वाचणाऱ्यांना वाटलं, झुडूप उशिरा फुलत असेल.

स्थानिक पेपरात तिचा फोटो आला, सोबत कुठल्यातरी बागेतल्या लाल फुलाचा. शेजारच्या कमलाकाकू पेढे घेऊन आल्या आणि विचारू लागल्या, एवढी वर्षं कशी लागली.

“बाबांचा पाय मोडला नं मध्ये,” प्रणिता म्हणाली. “जाताच आलं नाही.”

काकू गेल्यावर श्यामराव खुर्चीतून म्हणाले, “माह्या पायाचं नाव कावून घेते तू? मी तुले जाय म्हणलो होतो.”

तिने पेढ्यांचा डबा उचलून आत नेला. बाहेर यायला तिला वेळ लागला, आणि आली तेव्हा त्यांनी टीव्ही लावला होता. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, पण त्यानंतर काठी हवी असली की ते ललितालाच हाक मारत.

कौस्तुभ कोलकाता सोडून दुर्गला परत आला. रायपूरच्या एका कोचिंग क्लासात तो डॉक्टरकीच्या ‘नीट’ प्रवेश परीक्षेची जीवशास्त्राची बॅच घेतो. एकदा प्रणिता रायपूरहून बसमध्ये उभ्याने येत होती. वाटेत कुम्हारीला गर्दी चढली आणि ती मागे सरकली, तेव्हा खिडकीपाशी बसलेला तो तिला दिसला. त्यानेही पाहिलं. उठून त्याने तिला जागा दिली आणि दांडीला धरून उभा राहिला.

“बाबा कसे आहेत?”

“ठीक आहेत. तू?”

“चाललं आहे, मॅडम.”

मग तो उन्हाबद्दल बोलला, ती कॉलेजच्या नव्या वेळापत्रकाबद्दल. भिलाईतला पॉवर हाऊसचा थांबा जवळ आला तेव्हा तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण कंडक्टर ओरडत होता आणि तिला उतरायचं होतं. कौस्तुभने वाट करून दिली, तिची पिशवी हातात दिली, आणि तिने रिकामी केलेल्या जागेवर बसून खिडकीबाहेर पाहू लागला.